किल्ली कुणाच्या हाती?

चिखली, मलकापूर, खामगाव येथील अनेक घरांत आज वडीलधारी मंडळीच उरली आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा सातासमुद्रापार. घरचा संगणक अडला की मुलगा तिकडे बसूनच त्याचा ताबा घेतो आणि दुरुस्ती करून देतो. अंतर मिटविणारी ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु ज्या दाराने मुलगा आत येतो, त्याच दाराने चोरही येऊ शकतो, याचे भान किती घरांना आहे?

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमका हाच इशारा दिला होता. भामटा ग्राहकाला ‘एनीडेस्क’सारखे अ‍ॅप उतरवून घ्यायला लावतो, पडद्यावर उमटलेला नऊ आकडी क्रमांक विचारून घेतो आणि परवानगी मिळताच मोबाईलचा ताबा मिळवितो. मग ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हा उपदेशही निरुपयोगी ठरतो; कारण तो सांगावाच लागत नाही, चोराला तो दिसतच असतो. येथे कुलूप फुटत नाही, मालकच किल्ली देतो.

या सेवांची बांधणी कच्ची आहे, असे मात्र नव्हे. दोन यंत्रांमधील देवाणघेवाण सांकेतिक रूपात होते; वाटेत ती वाचणे सोपे नाही. तथापि अभेद्य कुणीच नसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द ‘एनीडेस्क’ कंपनीने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले.

प्रश्न केवळ घरांचा नाही. पतसंस्था, दुकाने, शाळा यांच्या हिशेबाची प्रणाली सांभाळणारा तंत्रज्ञही अनेकदा दूर बसूनच काम करतो. काम आटोपल्यावर जोडणी तोडली का, संकेतशब्द किती जणांना ठाऊक आहे, हे विचारण्याची जबाबदारी कुणाची? सभासदांच्या घामाच्या ठेवी जेथे असतात, तेथे संचालकांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

उपाय अवघड नाहीत. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही अ‍ॅप घेऊ नये. मुलाचा फोन आला, तरी आपण स्वतः त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर उलट फोन करून खात्री करावी. कायमची परवानगी देऊ नये. काम संपताच जोडणी बंद करावी. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील ज्येष्ठांच्या घरी जाऊन एवढे समजावून सांगितले, तरी अनेकांची आयुष्यभराची पुंजी वाचेल. या कामाला संगणकाचे ज्ञान नव्हे, आपुलकी लागते.