कलिन्याचं जाळं भाईंदरला पोहोचतं का?

मुंबई विद्यापीठाचं संगणकीय जाळं सुधारायचं म्हटलं की आपल्याकडे आधी कलिना संकुलाचा नकाशा टेबलावर पसरतो. ग्रंथालयात वायफाय, वसतिगृहात वायफाय, परीक्षा भवनात नवे सर्व्हर. हे सगळं हवंच. पण विद्यापीठ कलिन्याच्या फाटकाशी संपत नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे आणि शेकडो संलग्न महाविद्यालयं त्याच्या पदरी आहेत. आपल्या मिरा-भाईंदरचा विद्यार्थी कलिन्याला क्वचितच जातो, आणि जातो तेव्हा बहुधा काहीतरी अडलेलं असतं. भाईंदरहून फास्ट, अंधेरीला उतरून स्लो, सांताक्रूझ पूर्वेला रिक्षा. पोर्टल धड चाललं असतं तर ही खेप वाचली असती.

परीक्षेच्या दिवशी एखाद्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात डोकावून पाहा. प्रश्नपत्रिका ऑनलाइन येते, तीही पेपरच्या थोडा वेळ आधी. पासवर्ड टाकायचा, फाइल उतरवायची, प्रिंट काढायची, झेरॉक्स मशीनवर शेकडो प्रती मारायच्या आणि वर्गावर्गांत पोहोचवायच्या. बाहेर मुलं हॉल तिकीट धरून उभी. अशा वेळी नेट गेलं की कुणीतरी क्लार्क खिशातला मोबाइल काढतो, हॉटस्पॉट चालू करतो आणि विद्यापीठाची परीक्षा त्याच्या डेटा पॅकवर पार पडते. या हॉटस्पॉटची नोंद कुठल्याही टेंडरमध्ये होत नाही.

२०१७ साली या दुखण्याचं ऑपरेशन भर चौकात झालं. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी पडद्यावर तपासायच्या, असा निर्णय ऐन हंगामात झाला. निकालासाठी राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, परदेशी प्रवेश घेतलेली मुलं ताटकळली आणि २४ ऑक्टोबरला कुलगुरू संजय देशमुख यांना पद सोडावं लागलं. घाई होती, तयारी नव्हती, उत्तरपत्रिकांची सरमिसळही झाली. पण संथ सर्व्हर आणि न उघडणारी पानं ही प्राध्यापकांची रोजची तक्रार होती.

त्यामागचं गणित शाळकरी आहे. एका स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिकेला ५ एमबी धरा. एका तपासणी केंद्रावर ४० परीक्षकांनी एकाच वेळी ती उघडली की २०० एमबी झाले. १०० एमबीपीएसची लाइन असेल तर १६ सेकंद लागतात, १० एमबीपीएसची असेल तर १६० सेकंद. पुढच्या उत्तरपत्रिकेला पुन्हा तेवढेच. हा हिशोब एका केंद्राचा झाला. अशी कितीतरी केंद्रं एकदम सुरू झाल्यावर कलिन्यातल्या सर्व्हरची काय गत होणार, हे वेगळं सांगायला नको.

आणि विद्यापीठ व महाविद्यालयं यांच्या जोडणीतली ही विषमता आजची नाही. २००९ साली केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाचं शैक्षणिक अभियान सुरू केलं. त्यात विद्यापीठांना १ जीबीपीएसची जोडणी होती. महाविद्यालयांना ५१२ केबीपीएसची, फार तर वीस ब्रॉडबँड कनेक्शनं. वीसही मिळाली तरी बेरीज जेमतेम १० एमबीपीएस. टाकी कलिन्यात भरलेली आणि भाईंदरच्या नळाला थेंब थेंब, हे दृश्य आपल्या शहराला समजावून सांगायची गरज नाही.

पैसा कुठे घालावा, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वायफायच्या नव्या पिढीची जाहिरात छान होते, पण छताला लावलेला तो डबा चार-पाच वर्षांत जुना होतो. जमिनीखालची फायबर दोन दशकं सहज टिकते. म्हणून आधी डक्ट, फायबर आणि स्विचच्या कपाटाला चालू बॅटरीचा यूपीएस. प्रत्येक परीक्षा केंद्राला दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन, त्याही वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेल्या. कारण आपल्याकडे रस्ता खोदला की पहिली तुटते ती केबल. आणि बिघाड झाल्यावर फोन उचलणारा माणूस. तो पगारी हवा. ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून संगणकाच्या प्राध्यापकांच्या गळ्यात मारलेला नको. खर्च महाविद्यालयांनीच करावा, हा युक्तिवाद मला पटत नाही. संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्क विद्यापीठ घेतं, मग परीक्षेची लाइनही त्यानेच सांभाळावी.

कुलगुरूंना आणि अधिसभेच्या सदस्यांना एक विनंती आहे. पुढच्या टेंडरचा मसुदा नक्की करण्याआधी भाईंदर, जव्हार, सावंतवाडी अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत, परीक्षेच्या दिवशी, पेपरच्या आधीच्या तासात लाइनचा वेग मोजून घ्या आणि ते आकडे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाका.