भरती-ओहोटीचा हिशेब

बँकेच्या नोकरीत 'बँक हॉलिडे' हा शब्द मी हजारदा उच्चारला असेन; पण त्या सुटीचं गाव पाहायला मिळालं ते निवृत्तीनंतर. मुलगी मँचेस्टरला असते. तिनं एका शनिवारी सौ.ला आणि मला ब्लॅकपूलला नेलं.

समुद्र करड्या रंगाचा, वारा कानात शिरणारा. पण 1894 सालचा उंच मनोरा, समुद्रात घुसलेले तीन लांबलचक धक्के, तळलेल्या माशांचा वास... जत्राच ती! ही जत्रा लँकेशायरच्या कापडगिरण्यांनी भरवली. 1846 मध्ये इथं आगगाडी आली. उन्हाळ्यात एकेका गावच्या गिरण्या आठवडाभर बंद राहत आणि कामगार कुटुंबकबिल्यासह इथं लोटत. 1871 मध्ये जॉन लबक या बँकर खासदारानं बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. 1938 मध्ये पगारी रजेचा कायदा आला. त्या गिरण्यांचं कापड आपल्या बाजारात खपत होतं. म्हणजे या जत्रेच्या खर्चात आपल्या पणजोबांचाही हातभार होता!

पुढं गिरण्या बंद पडल्या. 1960 नंतर स्वस्त विमानांनी लोकांना स्पेनच्या उन्हात नेलं. किनाऱ्यामागच्या दोन गल्ल्या ओलांडल्या, तर रंग उडालेली खाणावळवजा घरं दिसली. पाहुण्यांच्या खोल्यांत आता सरकारी भत्त्यावर जगणारे एकटेदुकटे भाडेकरू राहतात. एसेक्समधल्या जेविकची कथा याहून बिकट. लंडनकरांच्या सुटीसाठी उभारलेल्या तिथल्या घरकुलांची वस्ती 2010, 2015 आणि 2019 अशा तिन्ही सरकारी पाहण्यांत इंग्लंडमधली सर्वांत वंचित ठरली.

आणि ब्रायटन? समुद्र तितकाच थंड, किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे. पण हे गाव एकट्या पर्यटकावर विसंबलं नाही. लंडन रेल्वेनं तासाभरावर; 1961 मध्ये विद्यापीठ आलं. तिथला घुमटांचा राजवाडा पाहून आपण हिंदुस्थानातच आहोत असं वाटतं. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी जवानांचं इस्पितळ याच वाड्यात होतं. तरीही 1975 मध्ये बंद झालेल्या आणि 2003 मध्ये जळालेल्या वेस्ट पिअरचा लोखंडी सांगाडा समुद्रात उभा आहे. ओहोटी कुणालाच सोडत नाही.

शाखेत ठेवी वाढल्या की आम्हांला शाबासकी मिळे. पण माझे एक जुने मॅनेजर विचारत, ''यातल्या एकाच खातेदाराच्या किती?'' तो उठून गेला, की शाखा बसलीच! ब्लॅकपूलचं तेच झालं.

परतताना बाकावरचे एक आजोबा म्हणाले, ''तुम्ही उशिरा आलात हो. लहानपणी आमची अख्खी गल्ली एकाच आठवड्यात इथं असायची. घरी कुलपं, इथं शेजारी तेच!''

मला गिरणगाव आठवलं. गणपतीला आपल्या चाळीही अशाच कोकणात रिकाम्या होत. 1982 च्या संपानंतर त्या गिरण्याही गेल्या. पण आमच्या माणसांना परतायला गाव होतं. ब्लॅकपूलला मात्र पाहुणेच गेले. गाव जाणार कुठं?