विमा एजंटाची नवी पाटी



चैत्रात सोनारीला भैरवनाथाची यात्रा भरते, दुकानांच्या रांगा लागतात. यात्रा उठली की पालेही उठतात. मग घेतलेली वस्तू फुटकी निघाली तर दाद कुणाकडे मागायची? घरातला मुलगा किंवा सून विम्याची नवी एजन्सी घेऊन वेबसाइट काढायची म्हणत असेल, तर एवढे सांगा, की दुकान गावातल्यासारखे कायमचे असू द्या.

विमा विकायला एजंट आपल्या दारी येतो. आपण त्याला शोधतो ते अडचणीच्या दिवशी. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको. २०२० च्या खरिपात पिके पाण्यात गेली. नुकसान ७२ तासांत कळवले नाही, म्हणून कंपनीने असंख्य शेतकऱ्यांची भरपाई अडवली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागायला २०२२ चा मे उजाडला. पीक विमा वेगळा, आयुर्विमा वेगळा. पण कुणाला, कधी आणि कोणते कागद घेऊन कळवायचे, हे दोन्हीकडे आधी ठाऊक हवे.

तेव्हा वेबसाइटवर पहिल्या पानावर नाव, परवान्याचा क्रमांक, फोन आणि भेटण्याची वेळ असावी. त्याखाली सोप्या मराठीत मृत्यूनंतरच्या दाव्याचे कागद द्यावेत: मूळ पॉलिसी, मृत्यूचा दाखला, वारसाचे ओळखपत्र व पासबुक, अपघात असेल तर पोलिसांचा पंचनामा. आयुर्विम्याची पॉलिसी पटली नाही तर हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हेही लिहावे. असे लिहिणाऱ्यावर गाव विश्वास ठेवते.

काही गोष्टी टाळाव्यात. कंपनीचे नाव, हप्ता किंवा लाभ छापायचे असतील तर आधी कंपनीची लेखी परवानगी घ्यावी. ‘पहिला हप्ता आम्ही भरू’ असे लिहूही नये आणि करूही नये. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने अशी सूट देण्यास मनाई आहे. गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक किंवा पॉलिसीचा क्रमांक वेबसाइटवर कधीही टाकू नये.

वेबसाइटचे नाव देवनागरीतही घेता येते, ‘.भारत’ ही सोय २०१४ पासून आहे. मात्र ते नाव एजंटाच्या स्वतःच्या नावावर नोंदवावे. ते वेबसाइट बांधून देणाऱ्याच्या नावावर राहिले, तर उद्या त्याच्याशी बिनसल्यावर आपलीच पाटी आपल्याला उतरवावी लागते. सातबारा दुसऱ्याच्या नावे ठेवून शेत कसण्यातलाच हा प्रकार. नावाचे भाडे ठरल्या मुदतीला भरावे लागते, तीही तारीख लिहून ठेवावी.

आणि तयार झालेले पान घरातल्या आजीला वाचून दाखवावे. दाव्यासाठी काय करायचे ते तिला कळले, तर गावाला कळेल.