एकच तारणारा मानणारे शेजारी

गणेशोत्सवात मंडळाची आरती आटोपली की प्रसादाचे ताट गल्लीत फिरते. कोल्हापुरात शाहूपुरीसारख्या वस्तीत त्या वाटेवर एखादे ख्रिस्ती घर लागते. वर्गणीची पावती या घराने कुरकुर न करता घेतलेली असते, मिरवणुकीच्या रात्री मंडळाच्या पोरांना पाण्याचा तांब्याही तिथूनच मिळतो. पण ताट दारात आले की घरातल्या मावशी म्हणतात, "नको रे बाळा, प्रसाद आम्ही घेत नाही. दिवाळीचा फराळ आण, तो खाऊ की." जोतिबाच्या यात्रेहून आलेल्या खोबऱ्याच्या वाटीचेही तसेच होते. देणारा खट्टू होतो. दोन घरे पलीकडच्या ख्रिस्ती कुटुंबात मात्र तेच ताट हसून घेतले जाते, त्यामुळे कोडे आणखी वाढते.

हा पेच जुना आहे. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला तो पहिल्याच शतकात पडला होता, आणि प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा मोठा भाग त्यावरच खर्ची पडला आहे. मूर्तीपुढे ठेवल्याने अन्न बदलत नाही, पण ते घेताना ज्याचे मन खाते त्याला बाकीच्यांनी सांभाळून घ्यावे, असा त्याच्या सांगण्याचा एक रोख. उपासनेच्या पंगतीत मात्र दोन ठिकाणी बसता येत नाही, हा दुसरा. ताट घेणारे घर आणि ताट परतवणारे घर, दोघेही आधार सांगतात तो याच पत्राचा.

नकारामागे उभा असतो तो एक विश्वास: माणसाचे तारण येशू ख्रिस्ताच्याच द्वारे आहे, अन्य कोणाच्या नाही. सर्वधर्मसमभावाच्या व्यासपीठावर हा विश्वास सभ्यपणे झाकून ठेवला जातो आणि द्वेषाच्या व्यासपीठावर नेमका तोच उगाळला जातो. तो समजून घेण्याचे काम दोन्हीकडे राहून जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार होती, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. इतक्या थोड्या शेजाऱ्यांचा मूळ विश्वास काय, हे बहुसंख्यांना ठाऊक नसावे, हे आम्हाला बरे वाटत नाही.

आपल्याकडे नव्या देवाला देव्हाऱ्यात जागा करून द्यायची रीत आहे. कोल्हापुरातल्या बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे आणि मोहरमच्या पंजांपुढे हिंदू घरांतली माणसे नवस बोलतात. याचा या शहराला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. याच मोठ्या मनाने कित्येक घरांत अंबाबाईच्या तसबिरीशेजारी येशूचीही तसबीर लागते. ती पाहून ख्रिस्ती शेजाऱ्याला आनंद होतो, पण मनात थोडी चुळबुळही होते. ती का, हे कळायला त्या विश्वासाच्या मुळाशी जावे लागते.

ख्रिस्ती धर्म यहुदी परंपरेतून आला. देव एकच आणि त्याच्याखेरीज कोणाचीही उपासना नाही, ही त्या परंपरेची पहिलीच आज्ञा. त्यावर ख्रिस्ती विश्वासाने माणसाच्या दुखण्याचे एक निदान उभे केले. पाप म्हणजे केवळ वाईट कृत्यांची यादी नव्हे. माणूस देवापासून तुटलेला आहे, ही ती अवस्था. दानधर्म, व्रत, तीर्थयात्रा, इतकेच काय, दर रविवारी न चुकता देवळात हजेरी, यातले काहीही ती तूट भरून काढू शकत नाही. ती देवानेच भरून काढली, येशूच्या रूपाने मनुष्य होऊन आणि क्रूसावर मरण पत्करून. प्रेषितांच्या मतांगिकारात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जाहीर उच्चारात, पंतय पिलात या रोमी सुभेदाराचे नाव येते. इतक्या पवित्र उच्चारात एका सामान्य अधिकाऱ्याचे नाव मुद्दाम ठेवले आहे, कारण ही गोष्ट अमुक राजवटीत, अमुक ठिकाणी, एकदाच घडली असे ख्रिस्ती माणसाला म्हणायचे असते. साधनेच्या वाटा अनेक असू शकतात. ज्याला जी झेपेल ती त्याने धरावी. पण तारण ही साधना नसून एकदा घडलेली घटना आहे असे ज्याने मानले, त्याला 'हीही आणि तीही' म्हणता येत नाही. एकमेवपणाचा आग्रह येतो तो इथून.

आणि इथूनच एक गोष्ट निघते, जी टीकाकारांच्या आणि पुष्कळ प्रचारकांच्याही ध्यानात येत नाही. तारण कमावलेले नाही, फुकट मिळालेले आहे. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट सांगितले आहे, आणि कोणी फुशारकी मारू नये म्हणूनच ते तसे आहे, असेही त्यात म्हटले आहे. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात घराच्या छतावरून ज्यांना बोटीत घेतले, त्यांच्यापैकी कोणी आपल्या पोहण्याची बढाई मारली नसेल. मागे छतावर राहिलेल्यांना त्यांनी हिणवले तर नसेलच. फार तर हाका मारल्या असतील. एकच तारणारा मानणाऱ्याच्या तोंडी तुच्छतेचा सूर आला की त्याने आपल्याच धर्माचा गाभा सोडला असे समजावे.

आणखी एक गल्लत नेहमी होते. तारण कोणाच्या द्वारे, हा एक प्रश्न. तारण कोणाकोणाला, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावर बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ एक आहेत. दुसऱ्यावर मात्र त्यांच्यात शतकानुशतके वाद चालू आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने चर्चबाहेर तारण नाही असे म्हटले. ते मुख्यतः चर्चमध्ये फूट पाडणाऱ्यांना उद्देशून होते, पण पुढे ते साऱ्या जगाला लावले गेले. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेने तर त्याला अतिशय कठोर रूप दिले. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने निराळी भाषा धरली. ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोचलेच नाही, यात ज्यांचा काही दोष नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला जागून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते असे तिने सांगितले. तेही ख्रिस्ताच्याच द्वारे, एवढे मात्र तिने सोडले नाही. २००० साली रोमने 'दोमिनुस येसुस' या घोषणापत्रात ते पुन्हा ठासून सांगितले. प्रॉटेस्टंटांत मतभेद अधिक. ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही असे अनेक मंडळ्या मानतात, तर हा निवाडा देवाचा, आपण त्यात पडू नये, असे म्हणणारे पाळकही पुष्कळ आहेत. 'तुम्ही आम्हाला नरकात धाडता' हा आरोप करण्याआधी समोरचा ख्रिस्ती यांपैकी काय मानतो, एवढे तरी विचारावे.

मराठीत हा प्रश्न जगून दाखवणारी माणसे झाली, आणि त्यांत कवी नारायण वामन टिळकांचे स्थान वेगळे आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते हलून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि घर मोडता मोडता राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त तो काळ लिहून ठेवला आहे: नवऱ्याची ताटातूट, पुन्हा एकत्र आल्यावरही जपलेले सोवळे, आणि मग हळूहळू स्वतःहून बदललेले मन. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० साली. टिळकांना ख्रिस्ताविषयी तडजोड मान्य नव्हती. त्यांच्या लेखी तारणारा एकच. तरीही आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते मोकळेपणाने सांगत. अभंग आणि ओवी त्यांनी ख्रिस्ताच्या पायाशी नेली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'तून त्यांची पदे आजही रविवारी गायली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती. दोन वर्षांनी ते गेले आणि दरबार तिथेच थांबला. पण तारणारा एक आणि त्याच्या अंगणाचे कुंपण आखणारे आपण कोण, हे एकाच माणसाला एकाच वेळी मनापासून मानता येते, याचा तो पुरावा आहे.

पंडिता रमाबाईंनी दुसरे टोक दाखवले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतल्यावर अँग्लिकन भगिनींशी त्यांचे खटके उडाले, कारण चर्चने आखून दिलेले प्रत्येक मत मुकाट्याने मानायला त्या तयार नव्हत्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायचा होता, आणि तो पुढे १८९१ च्या सुमारास सापडला, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. याउलट महात्मा फुले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, मिशनऱ्यांच्या कामाची कदर करणारे, पण एकाच धर्मग्रंथात सारे सत्य आहे हे त्यांनी मान्य केले नाही. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी असे कुटुंब कल्पिले, की ज्यात आई, बाप, मुले वेगवेगळ्या धर्मांची असूनही एका घरात प्रेमाने नांदतात. ख्रिस्ती दाव्याला मराठीत मिळालेले हे सर्वांत सुंदर उत्तर, असे आमचे मत आहे. ते पटणारा ख्रिस्ती विश्वासी राहणार नाही, हेही तितकेच खरे. मात्र त्या घरात तोही राहू शकतो. फुल्यांनी त्याची खोली राखून ठेवली आहे.

कोल्हापूरचा या विषयाशी संबंध वरवरचा नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली अहमदनगरकडून इथे आले. शहरातले वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. अमेरिकेत ज्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीने १८८६ पासून हजारो तरुणांना परदेशी मिशनकार्यात धाडले, तिच्या जनकांपैकी तो एक. आपल्याच पिढीत साऱ्या जगाला शुभवर्तमान पोचवायचे, ही तिची हाक. आज ती हाक ऐकताना साम्राज्याच्या काळातला आत्मविश्वास खटकतो, आणि खटकावाच. पण मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत उभे केलेले रुग्णालय त्याच तळमळीच्या मुशीतले आहे. माणूस देवाला इतका मोलाचा आहे की त्याच्यासाठी देवाने प्राण दिला, असे मानणारा त्याचे आजारी शरीर वाऱ्यावर सोडू शकत नव्हता.

राजर्षी शाहूंनी मिशनकार्याच्या या दोन्ही बाजू ओळखल्या होत्या. जातीजातींच्या मुलांसाठी त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी करवली, त्यांत १९१५ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही झाले. युवराज राजाराम अलाहाबादच्या ईविंग ख्रिश्चन कॉलेजात शिकले. आणि १९१९ साली राजाराम कॉलेज महाराजांनी चालवायला दिले ते आर्य समाजाकडे, म्हणजे त्या काळच्या मिशनऱ्यांच्या सर्वांत कडव्या प्रतिवाद्याकडे. ज्यांची मते एकमेकांना छेद देतात, अशा दोघांकडून त्यांनी रयतेसाठी काम करून घेतले, आणि कोणालाही आधी आपला विश्वास पातळ करून या, असे सांगितले नाही.

आज घरगुती प्रार्थनासभांवरून तक्रारी होतात, पोलीस येतात, धर्मांतराचा ओरडा होतो. कायद्याची चौकट पुरेशी स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. बळजबरी, फसवणूक, आमिष यांचा तपास जरूर व्हावा. 'येशू एकच तारणारा आहे' हे वाक्य मात्र यांपैकी काहीही नाही, आणि ते उच्चारल्याबद्दल कोणाच्या दारात जमाव उभा राहत असेल, तर तो जमावच कायद्याबाहेर आहे. प्रचारकांनाही एक सांगणे आहे. प्रार्थनेने कॅन्सर बरा होतो म्हणून औषध सोडा, असे जो सांगतो त्याने मिरजेचा वारसा पाहावा. मिशन रुग्णालयांत आधी प्रार्थना होई आणि मग शस्त्रक्रियाही होई. दुसऱ्याच्या देवाला सैतान म्हणून ध्वनिक्षेपकावर ओरडणाऱ्याने पौलाकडे पाहावे; अथेन्सच्या मूर्तींमध्ये उभे राहून पौल जे बोलला, त्याची सुरुवात तर तिथल्या लोकांच्या धर्मशीलतेच्या उल्लेखाने आहे.

दाव्याला प्रतिदावा करण्याची मराठीची रीत चांगली जुनी आहे. १८३० च्या सुमारास मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद घातल्यावर मोरभट दांडेकरांनी १८३१ साली 'हिंदुधर्मस्थापना' लिहून मिशनऱ्यांना छापील उत्तर दिले. १८५७ च्या आरंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी गिरगावच्या समुद्रकाठी संध्याकाळी हिंदू धर्माची बाजू घेऊन मिशनऱ्यांसमोर उभे राहिले. येशूच का, दुसरा का नाही, हा प्रश्न तिथे भर गर्दीत विचारला गेला आणि त्याची उत्तरेही दिली गेली. महिनोन् महिने लोक ऐकायला येत राहिले. मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्या चर्चांचे इंग्रजी टिपण छापले, आणि विष्णुबुवांच्या बाजूचा 'समुद्रकिनारीचा वादविवाद' १८७२ साली मराठीत निघाला.