करारातून तळ उभा राहत नाही

परदेशात नाविक तळ तीन वाटांनी मिळतो : तहाने, तलवारीने किंवा यजमान देशाच्या संमतीने. मिळाल्यावर तो उभा करावा लागतो, आणि हे काम त्याहून मोठे असते. इस्लामपूरच्या चर्चांत मात्र भलतेच मत ठासून मांडले जाते. मोक्याचे बेट हेरावे, करार करावा, दोन युद्धनौका उभ्या कराव्यात, की झाला तळ! इंग्रजांना मुंबई लग्नात फुकट मिळाली, हा त्याचा लाडका दाखला. शिवाय इस्लामपूरसारख्या ऊसपट्ट्याने या विषयात पडू नये, असा सल्लाही दिला जातो.

हा दाखलाच या मताला बुडवतो. १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगालने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला मुंबईबरोबर मोरोक्कोतले टँजिअरही दिले. तिथे इंग्रजांनी समुद्रात लांबलचक धक्का बांधायला घेतला, वर्षानुवर्षे पैसा ओतला आणि १६८४ मध्ये तोच धक्का स्वतः उद्ध्वस्त करून ते निघून गेले. मुंबईचा ताबा मिळायलाच १६६५ उजाडले. पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो नाकारल्यामुळे इंग्रज सैनिक अंजदीव बेटावर अडकले आणि तिथे रोगराईने त्यांतल्या अनेकांचा बळी घेतला. १६६८ मध्ये राजाने मुंबई वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तळ घडला तो पुढे. १७३६ मध्ये सुरतेहून जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया आले, १७५० मध्ये सुकी गोदी झाली. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी सोडायचे, दार लावून जहाजाच्या बुडाची डागडुजी करायची, हे मुंबईच्या समुद्राने शक्य केले. मलबारच्या सागातून इथे बांधलेली १८१७ ची युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. तहाचा कागद एकच होता. कारागीर, लाकूड आणि गोदी यांनी मुंबई तगवली.

मराठी आरमाराच्या जुन्या वादातही हीच चूक होते. किल्ले मोजले जातात, जहाजे नाहीत. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज मिळून आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेले. आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ला त्याच वर्षी पेशव्यांकडे आला, पण आरमाराचा दरारा परतला नाही.

तलवारीचा मार्गही कायमचा नाही. मुंबईहून गेलेल्या इंग्रजी मोहिमेने १८३९ मध्ये एडन घेतले, आगबोटींसाठी कोळशाचे ठाणे केले. १९६७ मध्ये ते सोडावे लागले.

ऊसपट्ट्याला उत्तर इतिहासच देतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्लामपूर सातारा जिल्ह्यात होते. या भागातले जवान असलेल्या मराठा पलटणी त्या युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. बसरा बंदर नोव्हेंबर १९१४ मध्येच ब्रिटिशांच्या हाती आले होते, पण तिथे पुरेसे धक्के नव्हते, नदीत बोटी अपुऱ्या होत्या. पुढे तुर्कांनी कुत इथे वेढलेल्या ब्रिटिश फौजेत ११०वी मराठा पलटणही होती. सुटकेची फौज पोहोचू शकली नाही आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. कच्च्या बंदराची किंमत घाटमाथ्यावरच्या घरांनी मोजली आहे.

योग्य क्रम असा : आधी संमती, मग पाणी, इंधन आणि दुरुस्ती, शेवटी युद्धनौका. सेशेल्समधल्या अझम्प्शन बेटाचा भारताचा करार स्थानिक विरोधामुळे अडला. मॉरिशसच्या अगालेगावर मात्र २०१५ च्या करारानंतर धावपट्टी आणि जेटी बांधली गेली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे उद्घाटन झाले. मालकी मॉरिशसचीच राहिली आणि काम पुढे गेले.