वणावरील उपाय : कोणता आणि केव्हा?

वैशाखात रायपूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हातही घरातील एखादी मुलगी पूर्ण बाह्यांचा पोशाख सोडीत नसेल, तर बहुधा तिला कोपरावरचा भाजल्याचा वण झाकावयाचा असतो. वाचकहो, अशा वेळी आपण एक तर गप्प बसतो, नाही तर बाजारातले दिसेल ते मलम आणतो. या दोहोंहून चांगले मार्ग आज उपलब्ध आहेत.

जखम त्वचेच्या खोल थरापर्यंत गेली, की शरीर ती जागा तंतूंनी सांधते. हा सांधा म्हणजेच वण. तो समूळ पुसणारा उपाय नाही. परंतु त्याचा उंचवटा, ताठरपणा, खाज व रंग पुष्कळ कमी करता येतो. नवा वण लाल व टणक असतो, आणि वर्ष-दीड वर्षात बराचसा आपण होऊन निवळतो. म्हणून केवळ रूपासाठी शस्त्रक्रियेची घाई करू नये. मात्र हा काळ वायाही दवडू नये.

जखम पूर्ण भरून आली, की सिलिकॉनची पट्टी दिवसातून किमान १२ तास, याप्रमाणे दोन-तीन महिने तरी लावावी. घामाने पुरळ उठत असेल, तर सिलिकॉनचे जेल सोयीचे पडते. रोज हलक्या हाताने मर्दन करावे. नवा वण उन्हाने काळवंडतो, म्हणून तो झाकावा. भाजल्याचा वण मोठा असल्यास डॉक्टर मापाचे घट्ट, दाब देणारे कपडे सुचवितात.

कान टोचल्यावर किंवा छातीवरील पुटकुळीनंतर जखमेची सीमा ओलांडून वाढणाऱ्या गाठीला केलॉइड म्हणतात. ती नुसती कापली, तर पुष्कळदा पुन्हा वाढते. त्यामुळे काही आठवड्यांच्या अंतराने तीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी लेझर किंवा सूक्ष्म सुयांचा उपचार असतो. त्याला अनेक बैठका लागतात. सावळ्या त्वचेवर लेझरने काळे डाग उमटू शकतात, यास्तव हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करवून घ्यावे. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही मलमांत स्टेरॉइड असते. ते मनानेच दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते.

एक लक्षण मात्र कधीही दुर्लक्षू नये. वणामुळे कोपर सरळ होत नसेल, मान वळत नसेल किंवा बोटे मिटलेली राहत असतील, तर प्रश्न अवयवाच्या कामाचा आहे. मूल वाढते, पण आखडलेला वण त्या मानाने ताणत नाही. म्हणून विलंब विशेष बाधतो. व्यायाम व आधारपट्टी पुरेशी न पडल्यास शस्त्रक्रियेने वण मोकळा करून तेथे त्वचारोपण करतात. हे काम प्लास्टिक सर्जरी विभागाचे. रायपुरात २०१२ साली सुरू झालेल्या एम्समध्ये, तसेच दाऊ कल्याणसिंह रुग्णालयात हा विभाग आहे. दुखापत जुनी असली, तरी तेथे विचारण्यास संकोच करू नये.

शेवटी, ज्याचा वण त्याचा निर्णय. उपचाराची वाट मुलीला अवश्य दाखवावी. परंतु तिला वण तसाच ठेवावयाचा असेल, तर लग्नाच्या चिंतेपायी तिला दवाखान्याच्या खेपा घालावयास लावू नये. आखूड बाह्या घालून ती अंगणात आली, तर घरातील कोणी तिला आत पाठवू नये.