पाण्यात राहून पाण्याला महाग

हे पान तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघर उटण्याची पुडी फुटली असेल आणि नरकचतुर्दशीला पहिल्यांदा कोणी उठायचे यावर वाद रंगला असेल. आमच्या डोंबिवलीच्या घरी हा वाद दरवर्षी होतो. शेवटी आमचे हे उठतात, बादली काठोकाठ भरतात, वर दोन तांबे जास्तीचे घेतात आणि उरलेले पाणी खुशाल मोरीत ओतून देतात. पूर्वी मला त्याचे काही वाटत नसे. आता तो आवाज ऐकला की पोटात गोळा येतो. का, ते सांगायचे तर २०२२ च्या डिसेंबरात जावे लागेल आणि माझी एक चूकही कबूल करावी लागेल. सणाच्या अंकात असला मजकूर नको, असे संपादकांना वाटले तर त्यांनी तो खुशाल गाळावा.

आमची धाकटी मुलगी आणि जावई इंग्लंडात बोटीवर राहतात. हौसेने नव्हे, तिकडच्या घरांच्या किमती ऐकून त्यांनी कानाला खडा लावला आणि जवळ होते तेवढ्या पैशांत एक जुनी बोट घेतली. लांबी ५७ फूट, रुंदी अवघी ६ फूट १० इंच. आगगाडीचा डबासुद्धा याहून ऐसपैस. त्याला कारण आहे. कालवा चढउताराच्या मुलखातून न्यायचा तर वाटेत दरवाजांचे हौद बांधून बोटी वरखाली कराव्या लागतात. त्यांना लॉक म्हणतात, आणि दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्या भागात बांधलेले पुष्कळसे लॉक जेमतेम ७ फूट रुंद आहेत. त्यामुळे बोटीने आणि तीत राहणाऱ्यांनी अंग चोरूनच राहायचे! बोट बांधायला कायमची जागा नसेल तर एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांहून अधिक राहायचे नाही, असाही कायदा आहे. एकूण बिऱ्हाड पाठीवर.

मी गेले ती लेकीला भेटायला, हे खरे. पण अर्धेच खरे. ह्यांनी निघताना पर्समध्ये एक कागद ठेवला होता. आमच्या ठेवींचा हिशेब. “तिला म्हणावं, हे सगळं मोडू, पण तू जमिनीवर राहायला जा. थंडीचा एक महिना बघ आणि मग बोल,” असे त्यांचे सांगणे होते. मी योग्य वेळेची वाट पाहत होते.

ऑक्सफर्ड कालवा जिथे ग्रँड युनियन कालव्याला मिळतो, त्या ब्रॉन्स्टन गावाच्या जवळपास तेव्हा बोट बांधलेली होती. पहिल्याच दिवशी मी तांदूळ धुवायला नळ सोडला आणि लेक ओरडली, “आई, नळ!” मला रागच आला. मी गिरगावच्या चाळीत वाढलेली. पहाटे ४ ला नळ यायचा आणि साडेपाचला जायचा. मला हिने पाणी वापरायला शिकवावे? पण चाळीतून निघून मला चाळीस वर्षे झाली होती, आणि चोवीस तासांच्या नळाने हाताला वाईट सवय लागली होती, हे खरे.

बोटीत पाणी येते ते असे. नाकाशी, पुढच्या पायरीखाली, पोलादी टाकी. त्यांची ५०० लिटरची आहे. नळ उघडला की बॅटरीवर चालणारा लहानसा पंप घर्र करून पाणी ढकलतो. मिटला की गप्प. टाकी संपत आली की कालव्याकाठच्या सार्वजनिक नळाशी बोट न्यायची, रबरी नळी जोडायची आणि तास-दीड तास गारठत उभे राहायचे. थंडीत नळीतले पाणी झटकून ती आत आणायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिची काठी होते. आणि घरातून बाहेर पडताना पंपाचे बटण बंद करायचे. हे मला पहिल्या दिवशी सांगितले होते. दुसऱ्या दिवशीही सांगितले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी पडली. एका सकाळी खिडकीबाहेर पाहते तो कालवा नाहीच; राखाडी काच पसरलेली, आणि तिच्यावर एक बदक आपले पाय घसरतात कसे याचा अचंबा करीत उभे. बर्फ दोन बोटे जाड. आता बोट हलवायची नाही. बर्फ फोडत गेले तर बुडाला लावलेले डांबरी रंगाचे कवच खरवडून निघते आणि बर्फाच्या लाद्या शेजारच्या फायबरच्या बोटींवर जाऊन आपटतात. तिकडे तो असभ्यपणा समजतात.

त्या दिवशी जावई रग्बीला कामावर गेले होते. आम्ही मायलेकी दुपारी दूध-भाजी आणायला गावात गेलो. लेक पुढे गेली. शाल शोधत मी मागे राहिले. शाल सापडली. बटण राहिले.

रात्रीच्या थंडीत शॉवरचा पितळी कॉक आतल्या आत तडकला होता. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, आणि पितळेला तेवढी दया येत नाही. गोठलेले होते तोवर बर्फानेच भोक बुजवून धरले होते. शेगडीची ऊब दुपारी न्हाणीपर्यंत पोहोचली, बर्फ वितळला, आणि पंपाला वाटले कोणी नळ सोडला आहे. त्याने इमानाने टाकीतले सगळे पाणी त्या चिरेतून फळीमागे ओतले. आम्ही परत आलो तेव्हा पंप कोरडाच घरघरत होता, हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला. लेकीने फरशीची झडप उचलली. बोटीच्या पोटात गंजाचा वास मारणारे काळपट पाणी हिंदकळत होते. जवळजवळ ४०० लिटर! वर टाकी ठणठणीत, बाहेर कालवा गोठलेला, आणि प्यायला पाणी किटलीत होते तेवढे.

ती मटकन खाली बसली. “माझंच चुकलं. मीच बटण बंद केलं नाही. आई, तुला काय बोलायचंय ते बोलून टाक आता. मला माहीत आहे, बाबांनी तुला कशाला पाठवलंय.”

वाचकहो, माझा कागद पर्समध्ये होता आणि याहून योग्य वेळ मिळणार नव्हती. खोटे कशाला सांगू, क्षणभर मी गप्प राहिले. तिला तसे वाटते आहे तर वाटू द्यावे, असा विचार मनात येऊन गेला. आईच्या मनात असले विचार येत नाहीत, असे मानणाऱ्यांनी आई पाहिलेली नाही.

मग मी म्हटले, “बटण मी विसरले. शेवटी मी निघाले होते.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी रागावण्याची वाट पाहत होते. ती एकदम हसायलाच लागली आणि मग रडली. मी विचारले, “कळशी कुठे आहे?”

कळशी कुठून असणार! पण मागच्या बोटीत सत्तरी उलटलेले एक गृहस्थ राहत, त्यांच्या टपावर गुलाब रंगवलेला पत्र्याचा एक डबा मी रोज पाहत असे. मला ती शोभेची वस्तू वाटे. ते तोच डबा भरून घेऊन आले. त्याला बकबी कॅन म्हणतात. जवळच्याच बकबीच्या लॉकपाशी असले डबे विकत मिळत, म्हणून हे नाव. मालवाहू बोटींच्या काळात आठ-दहा फुटांच्या खोपटात अख्खे कुटुंब राही, आणि प्यायचे पाणी अशा डब्यांतून टपावर ठेवलेले असे. म्हणजे हंडा-कळशीच, फक्त गुलाबांची. त्यांच्याकडूनच मी १९६२-६३ च्या हिवाळ्याची हकीकत ऐकली. नाताळात पडलेली थंडी मार्चपर्यंत हटली नाही. माणसे दोन्ही बाजूंना डोलून बर्फ फोडणाऱ्या बोटीसुद्धा हरल्या, आणि आठवडेच्या आठवडे माल अडकल्यामुळे आधीच खंगलेला तो धंदा कायमचा बसला.

संध्याकाळी जावई आले. चूक कोणाची हे त्यांनी विचारले नाही. लेकीने सांगितलेही नाही. त्यांनी कॉकच्या अलीकडे नळीला बूच मारले. राहता राहिले पाणी. सार्वजनिक नळ पाऊण मैलावर, आणि तोही गोठलेला. कालव्याचे वापरायचे नाही; उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप तिकडेही आहे. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो पाहिला आहे, मला समजावून सांगावे लागले नाही.

मग मी म्हटले, पायाखाली ४०० लिटर आहे ना? ते पिण्यालायक नाही, पण तापायला काय हरकत आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले दोन तांबे शेगडीवर कढत केले, शेकाच्या रबरी पिशवीत भरले, आणि ती पिशवी नेऊन माझ्या मफलरने नळाला बांधली. मूल आजारी पडल्यावर बांधावी तशी. अर्ध्या तासाने नळाने एक थेंब टाकला. मग दुसरा. मग धार.

“आई, हे तुम्हांला सुचलं कसं?” जावयांनी विचारले.

“तुम्ही डबे धरा,” मी म्हटले. “धार जाईल.”

वीस-वीस लिटरचे दोन डबे एकचाकी गाडीवर. गोठलेल्या वाटेवर ती गाडी ढकलणे म्हणजे हट्टी रेडा हाकणे. जावई ढकलत, लेक बाजूने सावरत, आणि बकबी कॅन माझ्या कमरेवर. साडेतेरा लिटर. चाळिशीनंतर प्रथमच कमरेला भार लागला आणि तिने कुरकुर केली. पण पायांना चाल आठवली. समोरून कुत्रे घेऊन आलेल्या बाईंनी टोपी वर करून बघितले. कोट, मोजे आणि कमरेवर गुलाबांचा हंडा.

रोज ४० लिटर आणि वर तो डबा, माणसे तीन. प्यायचे वेगळे, वापरायचे वेगळे. भाजी धुतलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे शेवटचे पाणी फरशीला. पोटातले काळे पाणी स्पंजाने टिपून बादलीत, ते संडासाला. आंघोळ नाही; गरम पाण्यात पंचा पिळून अंग पुसायचे. एका रात्री मात्र लेकीने एक तांब्या गरम पाणी राखून ठेवले आणि माझे पाय धुतले. बोलली काही नाही.

पाच-सहा दिवसांनी हवा पालटली. बर्फ करकरत फुटला, बोट नळाशी नेली, टाकी भरायला दीड तास लागला. आम्ही तिघेही विनाकारण थंडीत उभे राहून नळी बघत होतो.

कागद तसाच परत आला. ह्यांनी विमानतळावर पहिला प्रश्न तोच केला. मी म्हटले, “पाणी भरण्यात वेळ गेला.” ह्यांना तो टाळाटाळीचा जबाब वाटला.

गेल्या रविवारी लेकीचा फोन होता. नवा कॉक बसवला आहे, त्याला रात्री मोकळा करायला खाली तोटीही ठेवली आहे. दिवाळीला दोघांनी मिळून एकच घंगाळ तापवायचे ठरले आहे. मला विचारत होती, तांब्याचे लहानसे घंगाळ कोणाबरोबर पाठवता येईल का. मी बोहारणीकडे द्यायला काढलेले आमचे जुने घंगाळ माळ्यावरून खाली आणले आहे. वजन सव्वातीन किलो. लंडनला जाणारे कोणी शोधते आहे.